मागल्या पावलांची शर्यत

जुनी बुलेट ‘ओरिजिनल’ करण्यासाठी दोन-दोन वर्षे राबणारा माणूस शेवटच्या आठवड्यात तिला रिअरसेट, म्हणजे मागे सरकवलेले फुटरेस्ट, का लावतो, या प्रश्नाचे उत्तर मानसशास्त्राने द्यावे. यंत्रशास्त्राकडे ते नाही. हा गृहस्थ आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. टाकीवरची सोनेरी रेघ हातानेच ओढलेली हवी म्हणून तो पेंटरच्या शोधात गावे पालथी घालतो. हेडलाइटचा एक स्क्रू मूळचा नाही म्हणून त्याला झोप लागत नाही, आणि तो स्क्रू मिळावा म्हणून जुन्या बाजारात उकिडवा बसून तो गंजाचे ढीग उपसतो. स्क्रू मिळतो, गाडी सजते, आणि मग मूळ फुटरेस्ट काढून तिला लालभडक अ‍ॅल्युमिनियमच्या दांड्या वीतभर मागे आणि चार बोटे वर बसवल्या जातात. पायीची वहाण पायीच बरी असते. इथे पायच वहाणेच्या शोधात मागे गेले आहेत. फार तर हौस म्हणून हे सोडूनही देता आले असते. पण जी वस्तू लावल्यावर गाडी सुरू करणेच अवघड होते, तिला सुधारणा म्हणणे म्हणजे शब्दकोशाची थट्टा आहे.

कारण घोडे पेंड खाते ते किकपाशी. या जुन्या गाड्यांना बटण नाही. 346 सीसीचा एकच दांडगा सिलिंडर जागा करायचा, तर डीकॉम्प्रेशनची दांडी दाबून, अँपिअरच्या काट्यावर नजर ठेवून पिस्टन नेमक्या जागी आणायचा आणि मग अंगातले सगळे वजन टाकून किक एका दमात तळापर्यंत न्यायची. खाली येताना किक एक कमान काढते, आणि मूळ रचनेत त्या कमानीची वाट मोकळी ठेवलेली असते. रिअरसेटची दांडी बहुतेकदा नेमकी त्याच वाटेत बस्तान बसवते. किक अर्ध्यात अडते, इंजिन उलटा झटका देते आणि नडगीला जे कळायचे ते कळते. यावर बाजाराने उपाय काढला आहे: घडीची दांडी. म्हणजे आधी वाकून फुटरेस्ट मिटायचा, उठून किक मारायची, गाडी धडधडली की पुन्हा वाकून फुटरेस्ट उघडायचा आणि त्यावर पाय ठेवायचा. चौकात गाडी बंद पडली की मागचे हॉर्न ऐकत हाच द्राविडी प्राणायाम पहिल्यापासून. पाय ठेवण्यासाठी घेतलेली वस्तू पाय वापरायची वेळ आली की मिटून ठेवावी लागते, असा शोध छत्रीच्या बाबतीत लागला असता, तर पाऊस आला की छत्री मिटा, असे फलक लागले असते. येझदीवाल्याचे सव्यापसव्य तर याहून वरचे. तिथे गिअर आणि किक ही एकच दांडी. आत दाबून वर फिरवली की तीच किक. मागच्या लिव्हरपर्यंत रॉड नेण्यासाठी ही दांडी एकदा जखडली, की गिअर पडतात पण गाडी सुरू होत नाही. गती देण्याची सगळी तयारी आणि सुरुवात तेवढी नाही, ही अवस्था आपल्याकडे आजवर फक्त समित्यांना साधलेली होती.

यावर शर्यतीचा दाखला येतो, आणि तो खराच आहे. ताशी 160 किलोमीटरला वारा छातीवर भिंतीसारखा येतो. खाली वाकलेले हँडल आणि मागे घेतलेले पाय यांमुळे शरीर टाकीवर निजते आणि वाऱ्याला थडकायला जागा कमी मिळते. वळणावर गाडी कलली की पुढचे, खालचे फुटरेस्ट रस्त्याला घासतात, म्हणूनही ते वर न्यायचे. 1950-60च्या दशकांत लंडनच्या कॅफेंबाहेर जमणाऱ्या पोरांनी हे शर्यतीवरून उचलले, कारण ताशी शंभर मैल गाठणे हा त्यांचा धर्म होता. पण वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे तो तसाच उतरतोही. सिंहगड रस्त्यावर संध्याकाळी ताशी 40 मिळाले, तर तो विरोध 160च्या वेळच्या विरोधाचा सोळावा हिस्सा उरतो. त्या वेगाला वारा शरीर तोलून धरत नाही. सारे वजन मनगटांवर येते. वाऱ्यापासून वाचण्यासाठी पैसे मोजायचे आणि वारा नाही म्हणून मनगटे चोळायची, असा हा व्यवहार. शिवाय दाखला देणारे एक गोष्ट सांगायची विसरतात. ग्रांप्रीच्या शर्यतींत 1980च्या दशकापर्यंत गाड्या ढकलून सुरू करत. स्वार गाडीबरोबर धावायचा आणि उडी मारून वर बसायचा. त्याच्या रिअरसेटने किकची वाट अडवण्याचा प्रश्नच नव्हता.

‘माझी गाडी, माझा पैसा’ हा दुसरा बिनतोड मुद्दा. मान्य. मग तिला विंटेज म्हणू नका. केंद्राच्या 2021च्या नियमांत विंटेज म्हणजे पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली आणि मोठे फेरफार न केलेली गाडी. वारशाचा मान हवा तर वारसा ठेवावा लागतो. पण आपल्याला वारसा वाड्याच्या दिंडीदरवाजापुरताच पुरतो: दरवाजा तेल लावून चकचकीत ठेवायचा आणि मागे सात मजले चढवायचे.

आणि आता थट्टा पुरे. हे रिअरसेट बसतात कुठे? पुष्कळदा मागे बसणाऱ्याच्या फुटरेस्टच्या जागी. त्याआधी साडीगार्ड निघालेले असते, कारण ते ‘लुक’ बिघडवते. मग मागची सीट जाते आणि तिथे एक कुबड येते. मोटार वाहन नियमांतला 123 क्रमांकाचा नियम मागच्या माणसासाठी धरायची मूठ, पाय ठेवायची जागा आणि निम्मे चाक झाकणारा आडोसा या तीनच गोष्टी मागतो. या देशात दुचाकीच्या मागे आई बसते, बायको बसते, तिच्या मांडीवर पोर आणि हातात पिशवी असते. साडीगार्ड ही ब्रिटिश आराखड्यात नसलेली, आपल्या रस्त्यांनी घडवलेली वस्तू. या गाडीवर अस्सल देशी वारसा असेल तर तोच. पहिला भंगारात जातो तो तोच! मूळ स्क्रूसाठी रडणाऱ्याला मूळ प्रवासी नको आहे, कारण गाडी कशी दिसते हे ठरवताना मागे बसणारीला कोणी विचारलेलेच नसते.

तेव्हा हिशेब असा लागतो: किक अडते, म्हणून गाडी ढकलून सुरू करावी लागते, आणि शर्यतीतला तो स्वार एकट्याने ढकलायचा, आपल्या गृहस्थाला ते झेपत नाही. मागून जोर लावायला कोणीतरी लागते. मागे बसायची जागा जिची काढून घेतली, मागून ढकलायची जागा तिला मात्र अजून मोकळी आहे.