पूर नाही, तरी वाट बंद

भामरागडचा संपर्क तुटला की कुणी कारण विचारत नाही. वर्षानुवर्षे पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावर चढत आली आहे. रेशन दुकानातल्या ई-पॉस मशीनने अंगठा घेतला नाही, तर दुकानदार 'लिंक नाही' म्हणतो आणि लोक मुकाट्याने झाडाखाली जाऊन बसतात. दूरच्या सर्व्हरशी आमचे भांडण नाही. एवढ्या जंगलातून त्याने अधूनमधून ओळख दाखवली, हेच पुष्कळ.

तक्रार जवळच्याची आहे. तेंदूपत्त्याच्या हंगामात कोणत्या फळीवर कुणी किती पुडके आणले ते मांडणारा आमचा प्रोग्राम आणि ती माहिती सांभाळणारा मायएसक्यूएल सर्व्हर एकाच कॉम्प्युटरमध्ये नांदतात. मध्ये नदी नाही, नाला नाही, टॉवरही नाही. तरी पडद्यावर एरर 2002: लोकल सर्व्हरशी जोडणी होत नाही.

झाले असे की सर्व्हरच्या पत्त्यात 'लोकलहोस्ट', म्हणजे 'इथलाच', असे लिहिले होते. तेवढे वाचून लिनक्सवरचा मायएसक्यूएलचा क्लायंट नेटवर्कच्या वाटेला जातच नाही. तो सॉकेट नावाची एक फाइल शोधत बसतो; आत जायचे दार म्हणे तेच. सोबत पोर्ट 3306 लिहून दिला, तरी त्याकडे बघत नाही. सर्व्हर ही फाइल एका फोल्डरात ठेवतो, क्लायंट दुसऱ्यात धुंडाळतो, आणि आपापल्या सेटिंगप्रमाणे दोघेही बरोबर असतात. कधी पत्ता जुळतो, पण फाइल 'टीएमपी' या तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरात असते. तिथे ठरल्या वेळी झाडलोट करणारा क्रॉन येतो आणि जुना कचरा समजून दारच उचलून नेतो. आधी आत शिरलेल्यांची कामे बिनबोभाट चालू राहतात. नव्याने येणाऱ्याने सर्व्हर रीस्टार्ट होईपर्यंत थांबायचे.

पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेस सर्व्हरचा तोरा वेगळाच. सॉकेटवर 'पीअर' पद्धत लावलेली असेल, तर तो पासवर्ड विचारतच नाही. लिनक्समध्ये तुम्ही कोणत्या नावाने बसला आहात ते बघतो. नाव जुळले नाही की पाठ केलेला पासवर्ड तोंडातच राहतो.

आमच्यापुरता उपाय निघाला: 'लोकलहोस्ट' खोडून 127.0.0.1 लिहायचे. कॉम्प्युटर तोच, सर्व्हर तोच. स्थानिक म्हणून गेलो तर अडवतात, नेटवर्कवरून आलो म्हटले की घेतात.

रीतसर तक्रारही केली. अर्जात 'सर्व्हरपासूनचे अंतर (किमी)' असा रकाना होता. शून्य लिहिले. अर्ज परत आला: अंतराचा रकाना भरलेला नाही.