तसंच धर

टीव्हीमागची जागा घरात असूनही घराची नसते. तिथे भिंतीचा मूळ रंग टिकून असतो, कधीतरी हरवलेलं पेनाचं टोपण असतं, आणि लग्नात कुणाच्याच ओळखीची नसलेली पाहुणेमंडळी बसावी तशा वायरी एकमेकींना टेकून बसलेल्या असतात. केबलचा आवाज नव्या होम थिएटरमधून काढायचा म्हणून परवा मी तिथे शिरलो. गुडघ्यांवर, तोंडात टॉर्च धरून.

जुन्या पिना फार सरळ स्वभावाच्या. पिवळी चित्राची, लाल उजव्या कानाची, पांढरी डाव्या कानाची. बालवाडीतल्या मुलालाही जमावं. आता एचडीएमआयची एकच चपटी पिन, तीही पोटात १९ संपर्क घेऊन येते आणि सुलटी धरली तरी पहिल्या खेपेला बसेल तर शपथ. शिवाय टीव्हीला तशी तीन भोकं, पण आवाज होम थिएटरकडे परत पाठवणारं त्यातलं एकच. त्यावर मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत 'एआरसी' लिहिलेलं. मी अर्थातच शेजारच्यात खुपसली. चित्र बोलू लागलं ते टीव्हीच्याच तोंडाने. नवे स्पीकर कोपऱ्यांत हाताची घडी घालून उभे.

पिन बदलून मी आतून ओरडलो, "आलं का?"

आणि एकदम आमची पुण्यातली गच्ची आठवली. मुंबई दूरदर्शन १९७२ च्या गांधी जयंतीला सुरू झालं, पुढे ते सिंहगडावरून पुण्यात उतरलं. आमच्याकडे टीव्ही आला तो बऱ्याच वर्षांनी. रविवारी संध्याकाळी सिनेमा लागला की बाबा गच्चीवर अँटेनाचा दांडा धरून उभे, तिचं तोंड सिंहगडाकडे, मी जिन्यात, आई पडद्यावरच्या मुंग्यांसमोर. आई म्हणायची "आलं!", ते मी वर पोचवेपर्यंत बाबांचा हात पुढे सरकलेला असायचा आणि खालून हाक यायची, "गेलं!" त्या सिनेमांतली निम्मी लग्नं आम्हाला अजून ऐकूनच माहीत आहेत.

आता बाबा सोफ्यावर होते. मालिकेतली दारावरची बेल त्यांच्या पाठीमागून वाजली. आमच्या केबलचा आवाज दोनच वाटांनी येतो, पाच स्पीकरांत त्याची वाटणी हे यंत्र आपल्या अंदाजाने करतं; त्याने बेल मागच्यांच्या पदरात टाकली होती. आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि थेट दार उघडून आली.

"कोणी नाही," ती म्हणाली, जरा खट्टू होऊन.

तेवढ्यात आवाज गेला. पिन सैल होती. मी बोटाने दाबली.

"आलं!" बाबा ओरडले. "हलू नकोस. तसंच धर."

मी धरलं. मालिका निम्मीच झाली होती. थोड्या वेळाने त्यांनी मान वळवून टीव्हीमागच्या अंधाराला विचारलं, "हात दुखतोय का रे?"

गच्चीवर हे कधी कुणी विचारलं नव्हतं.

"नाही," मी म्हणालो, आणि जाहिराती लागल्या.