आमच्यात चिमणी नसते

८ मे २०२५च्या रात्री आपल्या वाहिन्यांवर दुसऱ्याच, भारत-पाक संघर्षाच्या धुराचं राज्य होतं, त्यामुळे रोमचा धूर मी मोबाइलवर पाहिला. सिस्टाइन चॅपेलच्या छपरावर चिमणी, चिमणीशेजारी पिल्लासकट बसलेले सीगल, आणि खाली चौकात माना वर करून उभी असलेली हजारो माणसं. (चिमणीजवळचे पक्षी चिमण्या नव्हेत, हे घरात समजावताना पाच मिनिटं गेली.)

मी नगरचा प्रॉटेस्टंट. पोपच्या निवडीत आम्हाला मत नाही; मतं मात्र पुष्कळ आहेत. मंडळीचा मस्तक ख्रिस्त, मध्ये माणूस नको, हे बाळकडू. तरीही त्या रात्री ताटातली भाकरी वाळेपर्यंत मी त्या नळकांड्याकडे बघत बसलो होतो. हे आमच्या पाळकसाहेबांना कुणी सांगू नये.

धूर पांढरा झाला आणि वसईहून विहीणबाईंचा फोन. "व्याहीबुवा, पाहिलंत का? पोप मिळाले!"

"अभिनंदन. कोण?"

"ते कळेल तासाभरात."

नाव माहीत नसताना एवढा आनंद! आमच्यात नाव सहा महिने आधी माहीत असतं आणि आनंद शेवटपर्यंत होत नाही.

व्यवस्था चोख, हे कबूल. १३३ कार्डिनल, निवडीला ८९ मतं, मोबाइल काढून घेतलेले, दाराला कुलूप. दुसऱ्या दिवशी, चौथ्या फेरीत काम फत्ते. गोव्याचे फेराव आत होते. मुंबईचे ग्रेशियस डिसेंबरातच ऐंशी पूर्ण करून बसल्याने मतदानाबाहेर. हा ऐंशीचा नियम आमच्याकडे लावला तर चर्च कमिटीच्या बैठकीला शिपाई तेवढा उरेल.

अर्थात ही शिस्त काही उपजत नाही. तेराव्या शतकात वितेर्बोला जवळजवळ तीन वर्षं पोप ठरेना, तेव्हा लोकांनी कार्डिनलांना कोंडलं, भाकरी-पाण्यावर ठेवलं आणि शेवटी छप्परच उतरवलं म्हणतात. आमच्या बैठकीत सामोसे आल्याशिवाय पहिला विषय निघत नाही. छप्पर आमचंही गेलंय, पण ते दुरुस्तीच्या फंडावर एकमत न झाल्यामुळे.

मग नाव आलं. रॉबर्ट प्रीव्होस्ट, जन्म शिकागोचा, हयातीतली बरीच वर्षं पेरूत. घेतलेलं नाव लिओ चौदावे. इथे माझे कान टवकारले. कारण दहाव्या लिओंनी १५२० साली मार्टिन ल्यूथरला आज्ञापत्र धाडलं होतं, की साठ दिवसांत शब्द मागे घे. ल्यूथरने १० डिसेंबरला विटेनबर्गच्या वेशीबाहेर ते पेटवून दिलं. महिनाभरात बहिष्कार. म्हणजे धूर काढून निर्णय कळवायची रीत आमच्याकडेही आहे, फक्त आम्ही चिमणी वापरत नाही. आणि हा ल्यूथर कोण? ऑगस्टिनियन मठवासी. नवे लिओ कोण? ऑगस्टिनियन! ज्या घरातून ल्यूथर निघाला, त्याच घरातला माणूस पाचशे वर्षांनी लिओ होऊन सज्जात उभा.

मला राहवेना. फोन लावला. "विहीणबाई, तुमचे पोप तर नात्याने आमचेच निघाले!"

"मग या की परत," त्या म्हणाल्या.

पाच शतकांच्या वादावर इतका स्वस्त तोडगा आमच्या एकाही धर्मपंडिताला सुचला नव्हता. मी गडबडीने हवापाण्यावर आलो, पण त्या सोडतात थोड्याच.

"तुमच्या कमिटीचीही निवडणूक होती ना? कोण आलं?"

"दोन्ही गट."

"दोन्ही कसे?"

"एकाने सभा चर्चमध्ये घेतली, दुसऱ्याने बाहेर चिंचेखाली. दोघांचे ठराव एकमताने मंजूर. आता तारखा चालू आहेत."

"अरे देवा. मग चर्चची चावी कुणाकडे?"

"दोघांकडेही. कुलुपंही दोन आहेत. मंडळी चिंचेखाली."