शून्य वाजवणारा माणूस

आठवडाभर मी घरी बसून आवाज तपासतोय आणि घरात चिडीचूप शांतता आहे. आईला हे पटत नाही. "मांडवातला स्पीकरवालासुद्धा 'हॅलो हॅलो, माइक टेस्टिंग' म्हणतो. तुझं काहीच कसं वाजत नाही रे?"

आता काय सांगणार? लिनक्स कर्नलसोबत साउंड कार्डाच्या ज्या आपोआप चालणाऱ्या चाचण्या येतात, त्यातली पीसीएम टेस्ट स्पीकरकडे चक्क शांतता पाठवते. गाणं नाही, शिट्टी नाही. ती शांतता कार्डाने ठरल्या वेळात संपवली का, एवढंच घड्याळ लावून बघते. शंभर मिलीसेकंदांहून जास्त इकडेतिकडे झालं की 'नॉट ओके'.

माझं काम कॉन्फिग फाइल लिहिण्याचं. ती नसेल तर टेस्ट समोर दिसेल तेवढंच तपासते. जे डिव्हाइस उगवलंच नाही, त्याची चौकशी कोण करणार? गुरुजी वर्गात डोकी मोजतायत आणि हजेरीपटच नाही, अशी गत. तो पट मी भरतो: अमुक कार्ड, डिव्हाइस शून्य, प्लेबॅक, कॅप्चर. नाव पटावर आणि पोरगं गायब, की बोंब ठोकायची. आता फाइल कुठल्या मशीनची, हे मशीनने स्वतःचं जे नाव नोंदवलेलं असतं ते ताडून ठरतं. त्यात मी एक स्पेस जादा टाकली. दोन दिवस सगळं पास! मी खूश. माझा पट कुणी उघडलाच नव्हता.

त्याच चाचण्यांतली मिक्सर टेस्ट मात्र माझी लाडकी. महाआगाऊ. आवाजाची हद्द ३१ असेल तर मुद्दाम ३२ देते. ड्रायव्हरने ते नाकारावं, नाहीतर हद्दीत तरी आणावं. नावाच्या शेवटी 'स्विच' लावून कुणी चालू-बंदऐवजी तिसरंच काही करत असेल, तर त्यालाही पकडते. सोसायटीच्या सेक्रेटरीपदाला अगदी योग्य.

काल रात्री अखेर ओळीने 'ओके' आले. जादा स्पेस काढलेल्या फाइलसकट. आईला हाक मारली, म्हटलं, आता ऐक, आणि नाट्यगीत लावलं. काही नाही. आवाज पूर्ण वाढवला. काही नाही. टेस्ट पुन्हा चालवली: सगळं 'ओके'.

आई टेबलामागे वाकली आणि स्पीकरची हिरवी पिन वर धरून म्हणाली, "ही मी सोमवारी झाडताना काढली होती."