अनगोळहून बोंबलत

प्रवासवर्णन लिहायचं तर हिमालय गाठला पाहिजे, निदान हंपी तरी, असं मानणाऱ्यांनी एकदा सायलेन्सर फुटलेल्या मारुती आठशेतून बेळगावातल्या अनगोळहून उद्यमबागेत जाऊन दाखवावं. मध्ये एक रेल्वे गेट, एवढंच काय ते अंतर. पण वाटेतला प्रत्येक माणूस हातातलं काम टाकून तुमच्याकडे वळून बघतो. हा मान चारधाम करून आलेल्यालाही मिळत नाही.

मारुती आठशे डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. आमची या दोन तारखांच्या मधली, केए-२२ पाटीची. इंजिन ७९६ सीसी, सिलिंडर तीन. गाडी नुसती जागेवर उभी असली तरी हे तिघे मिळून मिनिटाला तेराशेच्या आसपास स्फोट करत असतात. सायलेन्सर शाबूत असेतोवर त्याची कुठं वाच्यता होत नाही. तो फुटला, की आपण दूध आणायला निघालो आहोत हे चिदंबरनगरपासून भाग्यनगरपर्यंत जाहीर होतं.

खर्च किती, हे विचारायला आधी एका शोरूममध्ये फोन केला. ‘पूर्ण सिस्टीम बदलावी लागेल’ म्हणून त्यांनी जो आकडा सांगितला, त्यात थोडी भर घातली असती तर तसलीच आणखी एक मारुती दारात आली असती. मग गल्लीतले तज्ज्ञ गोळा झाले. एकानं तेलाचा डबा कापून पाइपाला गुंडाळायला सांगितलं. दुसऱ्याच्या मते वरून तारही आवळली पाहिजे. तिसरे म्हणाले, ‘काही करू नका ओ, पावसाळा आला की आवाज आपोआप बसतोय.’ कुणाचा घसा, ते त्यांनी सांगितलं नाही. कोपऱ्यावरचा बुलेटवाला पोरगा तेवढा भारावून गेला होता. ‘काका, कुठला सायलेन्सर बसवलाय?’ असं त्यानं आदरानं विचारलं. त्यानं हाच आवाज पदरचे पैसे मोजून विकत घेतला होता.

निघालो. अनगोळच्या चौथ्या गेटाशी आलो आणि फाटक पडलं. लोंढा-मिरज मार्गावर रेल्वे कधी यावी हा रेल्वेचा प्रश्न. फाटक मात्र आम्ही आलो की पडतंच. इंजिन बंद करावं, तर बॅटरीचाही भरवसा नव्हता. त्यामुळे तिन्ही सिलिंडरांचं जाहीर भाषण सुरू राहिलं. शेजारच्या टेम्पोतून एकजण खाली वाकला आणि म्हणाला, ‘सायलेन्सर होगैत्रि!’ मागच्या स्कूटरवरच्या मावशी म्हणाल्या, ‘सायलेन्सर गेलाय बघा तुमचा.’ पलीकडून रिक्षावाला ओरडला, ‘साब, सायलेन्सर गया!’ १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून या भागात ज्याच्या त्याच्यावर दोन मतं आहेत. सीमाप्रश्नावर महाजन आयोगाचा अहवाल १९६७ मध्ये आला, २००४ मध्ये दावा सर्वोच्च न्यायालयात गेला, तरी एकमत काही झालं नाही. आमच्या सायलेन्सरवर ते फाटक उघडायच्या आत झालं.

उद्यमबागेत शिरलं की कानांना जरा बरं वाटतं, कारण इथं आपला आवाज कुणाच्या खिजगणतीत नसतो. लेथ फिरताहेत, ग्राइंडर किंचाळताहेत, फाउंड्रीत भट्ट्या पेटल्या आहेत. गाड्यांचे, पंपांचे बिडाचे भाग ओतणारं हे गाव. इथल्या माणसाला लोखंडाचं भय नाही. गॅरेजच्या मेस्त्रींनी गाडी आत घेतली आणि पहिला प्रश्न केला, ‘काचा खाली घेऊन आलायसा न्हवं?’ फुटक्या पाइपातला धूर गाडीत शिरतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, त्यामुळे गुंगी कशानं आली हेही माणसाला कळत नाही. तार-डब्याच्या उपायाचा विषय तिथंच संपला.

गाडी जॅकवर चढली, खाली लाकडी ठोकळे लागले. मेस्त्री पाठीवर सरकत आत गेले आणि स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं पुढून मागं पाइप ठोकत आले. टण. टण. टण. पुढचा पाइप बरा. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बरा. मग मागच्या डब्याशी आले आणि आवाज आला, थप्प. मूठभर गंज त्यांच्या छातीवर पडला. ‘एवढंच मेलंय ओ. बाकीचं जितं हाय. सगळं कशाला बदलायचं?’

हेच स्वस्तातलं शास्त्र. मेलेलं तेवढं काढायचं, जितं राखायचं. मात्र पॅच मारायला मेस्त्री तयार होईनात. सडक्या पत्र्यावर वेल्डिंग धरत नाही. आज इथं मारला की उद्या वीतभर पुढं फुटतंय. नट गंजून बोल्टाशी एकजीव झाले होते. गॅसच्या ज्योतीनं ते लाल केले तेव्हा कुठं दोन सुटले. तिसरा मुंडीसकट तुटला. डबा खाली आला, तिरका केला, आणि त्यातून भळाभळा पाणी सांडलं. पेट्रोल पंपावर पाणी मिसळून देतात असा माझा बरेच दिवसांचा संशय होता. मेस्त्रींनी तो धुडकावला. पेट्रोल जळलं की त्यातून वाफ निघते. एक लिटर पेट्रोलमागं जवळजवळ लिटरभर पाणी. लांबच्या प्रवासात डबा तापतो आणि ते उडून जातं. ‘तुमची गाडी अनगोळातनं आरपीडी कॉलेजला, आरपीडीवरनं घरला. डबा तापतोय कुठं? पाणी आतच ऱ्हातंय आणि आतनं खातंय.’

आता नवा डबा. दुकानात दोन लोकल सायलेन्सर होते, दोघांनाही सारखाच चंदेरी रंग. मेस्त्रींनी दोन्ही हातांत धरून वजन पाहिलं. मग बाजारात नारळ बघावा तसा एकेक कानाशी धरून हलवला. हलक्या डब्यात आत काहीतरी खुळखुळलं. तो परत फळीवर गेला. जडवाला घेतला, किंमत थोडी जास्त, पण शोरूमच्या आकड्यापुढं किरकोळ. सोबत नवं गॅस्केट आणि टांगायची रबरं. रबरं जुनीच चालतील, नाहीतर तारेनं बांधू, असं मी सुचवून पाहिलं. मेस्त्री म्हणाले, ‘तारेनं बांधा की. मग इंजिनाचा थरकाप थेट तुमच्या सीटला. दातांच्या डॉक्टरचं बिल मात्र माझ्याकडं आणू नका.’

वेल्डिंगआधी बॅटरीची वायर काढली, कारण त्या करंटनं गाडीतलं इलेक्ट्रॉनिक डोकं जळू शकतं. पाइप जुळवला, टाका मारला. एवढ्यात एक भंगारवाला कुठूनसा उगवला आणि जुना डबा सोडून कन्व्हर्टरबद्दलच आपुलकीनं विचारू लागला. ‘जुनं हाय, काढून टाका, पिकअप वाढतंय.’ कन्व्हर्टरच्या पोटात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असले धातू असतात, त्यामुळे ही माया कुठून आली ते समजलं. तो काढला असता तर पीयूसीच्या वेळी गाडी धूर ओकून नापास झाली असती. भंगारवाल्याला सडका डबा वजनावर दिला. आता तोही भट्टीत जाऊन कुणाच्या तरी पंपाच्या रूपानं पुनर्जन्म घेईल.

शेवटी परीक्षा. गाडी चालू केली आणि मेस्त्रींच्या हाताखालच्या पोरानं मागच्या नळीला फडक्याचा बोळा दाबून धरला. कुठं फुसफुस नाही. इंजिन गुदमरून बंद पडलं. ‘पास,’ मेस्त्री म्हणाले. ‘आता हिला जरा लांब पळवा. निपाणीला जाऊन या, डबा तापू दे.’

म्हणून काकती ओलांडून, वंटमुरी घाट उतरून, हत्तरगीला टोल भरून, संकेश्वर मागं टाकून, तवंदी घाटातून निपाणीला पोचलो. पाऊणशे किलोमीटर, गाडीचा हूं की चूं नाही. पण ज्या गावानं तंबाखूच्या भावासाठी १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली महामार्ग अडवून धरला, तिथं कुणी तुम्हाला भाव विचारल्याशिवाय पुढं सोडील, ही आशाच चूक. चहाच्या टपरीशेजारच्या गॅरेजवाल्या अण्णांनी खाली वाकून पाहिलं. ‘नवा बसवलाय जणू. कितीला?’

सांगितलं. अण्णांनी हळहळून मान हलवली. ‘दोनशे रुपयं जास्त घेतलं ओ तुमच्याकडनं. कागलला तर अजून कमीत झालं असतं.’

मी हिशोब मांडला. जाऊन येऊन दीडशे किलोमीटर, दहा लिटर पेट्रोल, म्हणजे हजार रुपये, वर टोल. दोनशे वाचवायला एवढा खर्च? अण्णांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि चहाचा शेवटचा घोट संपवला.

‘ते बरोबर हाय. पण आता आलायसाच न्हवं? मग हॉर्न तेवढा बदलून घ्या. त्याचा रेट हितं चांगला हाय.’