सर्व्हर स्लो आहे

जीएसटीचं मासिक विवरणपत्र २० तारखेपर्यंत भरायचं असतं, आणि ऑफिसातला सर्व्हर नेमका १८-१९ तारखेला मंदावतो. 'दादा, सर्व्हर फारच स्लो आहे हो,' असा फोन येतो तेव्हा पलीकडे निदान होऊन गेलेलं असतं. हिशेब बघणाऱ्या काकांच्या मते टॅली बिघडलंय. टॅलीवाल्याच्या मते व्हायरस आहे. शेठना खात्री, की नवा प्रिंटर लावला तेव्हापासूनच हे सुरू झालं. नुकताच लागलेला पोरगा, कुणी विचारलेलं नसताना, एसएसडी टाकायला सांगतो. एका मुद्द्यावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं: हार्ड डिस्क गेली.

ती बहुतेक वेळा गेलेली नसते. तिच्या अंगावर काय काय पडलंय ते कुणी पाहिलेलं नसतं.

नेहमीची डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. हवी ती नोंद समोर येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबायचं, आणि वाचणारा हात त्या वर्तुळापर्यंत सरकवायला आणखी आठ-नऊ मिलिसेकंद. असल्या इकडच्या-तिकडच्या मागण्या ती सेकंदाला जेमतेम ७५-८० पुऱ्या करते. सलग वाचायला दिलं तर मात्र हीच डिस्क सेकंदाला १५० मेगाबाइट सहज ओतते. पंगतीत एकच वाढपी असला की हेच होतं. ओळीने भात वाढत गेला तर शंभर पानं बघता बघता होतात; पण या टोकाला कुणी मीठ मागितलं, त्या टोकाला कुणी लिंबू, मधूनच कुणाला मठ्ठा हवा, की तो नुसता धावत राहतो आणि पानं रिकामीच दिसतात. वर यजमान त्यालाच झापतो.

१९५६ साली आयबीएमच्या रामॅकबरोबर पहिली हार्ड डिस्क आली. ५० तबकड्या, ५० लाख अक्षरं, आणि एक नोंद गाठायला सुमारे ६०० मिलिसेकंद. आज एका डिस्कमध्ये त्याच्या लाखो पटींनी मजकूर मावतो, पण नोंद गाठायचा वेळ पन्नासएक पटींनीच कमी झालाय. कोठार वाढलं, पाय तेवढे वाढले नाहीत.

डिस्ककडे मागणारे कोण, हे विंडोजच्या रिसोर्स मॉनिटरमध्ये नावासकट दिसतं. तिथे एकेका फाइलला किती मिलिसेकंद लागताहेत तेही कळतं: १०-२० असतील तर ठीक, शेकड्यात गेले तर रांग लागलीय. मी पाहिलेल्या ऑफिसांत या रांगेचं कारण पुष्कळदा शेठची काटकसर असते. रात्री जाताना ते मेन स्विच बंद करतात. मग रात्रीचा राहून गेलेला बॅकअप सकाळी मशीन सुरू झाल्याबरोबर इमानाने कामाला लागतो, अँटिव्हायरसलाही तोच मुहूर्त सापडतो, आणि दोघं मिळून त्याच फाइली वाचत बसतात ज्यांत काकांना पावत्या चढवायच्या असतात.

पण माझा लाडका संशयित वेगळाच आहे. चांगल्या सर्व्हरमध्ये रेड (RAID) कार्ड असतं, अनेक डिस्का एकत्र जुंपणारं. लिहायला आलेला मजकूर ते आधी आपल्या मेमरीत ठेवतं, 'झालं' म्हणून सांगतं आणि सवडीने डिस्कवर उतरवतं. वीज गेली तर ती मेमरी शाबूत राहावी म्हणून कार्डाला एक छोटी बॅटरी जोडलेली असते. काही वर्षांनी ती मरते. कार्ड प्रामाणिक, बॅटरी नाही म्हटल्यावर ते उधारीचं 'झालं' म्हणणं सोडून देतं आणि प्रत्येक नोंद डिस्कवर उतरल्यावरच होकार देतं. सर्व्हर रातोरात मंद! कार्डाने हे लॉगमध्ये लिहून ठेवलेलं असतं, कित्येकदा शिट्टीही वाजवलेली असते. ती शिट्टी कटकट वाटून कुणीतरी बंद केलेली असते. असलं खोटं न बोलणारं यंत्र मला तरी माणसांपेक्षा बरं वाटतं.

ओरडण्याचाही डिस्कवर परिणाम होतो, ही थट्टा नव्हे. २००८ साली सन मायक्रोसिस्टम्समधल्या ब्रेंडन ग्रेगने डिस्कांच्या कपाटासमोर उभं राहून जोरात आरोळी ठोकली आणि पडद्यावरचा विलंबाचा आलेख टणकन वर गेला. २०१६ मध्ये बुखारेस्टला आयएनजी बँकेत आग विझवण्याच्या यंत्रणेची चाचणी झाली. आग नव्हतीच; पण सुटलेल्या वायूच्या आवाजाने डिस्का जायबंदी झाल्या आणि बँकेच्या सेवा काही तास बंद पडल्या. आपल्याकडे सर्व्हर कॉम्प्रेसरशेजारच्या लाकडी फळीवर ठेवतात, आणि तो मंदावला की त्याच्यावर ओरडतात. विसर्जनाची मिरवणूक खिडकीखालून जात असताना तो आलेख पाहायची माझी फार इच्छा आहे.

खरोखर आजारी डिस्कही असते. ती स्वतःच्या तब्येतीचा जो 'स्मार्ट' (SMART) अहवाल ठेवते त्यात निकामी सेक्टरांचा आकडा वाढत जातो. साधी डेस्कटॉपची डिस्क असेल तर न वाचता येणारा तुकडा ती हट्टाने पुन्हा पुन्हा वाचत बसते, आणि रेडमधल्या बाकीच्या धडधाकट डिस्का तिची वाट पाहत राहतात. सर्व्हरसाठी बनवलेली डिस्क काही सेकंदांत नाद सोडते. हा फरक दुकानात किमतीवरूनच कळतो, म्हणून तो बिल कमी करताना पहिला जातो.

एसएसडीबद्दल त्या पोराचं म्हणणं बरोबर आहे, हे कबूल करायला हवं. तिच्यात फिरणारं काही नाही. सेकंदाला हजारो मागण्या ती हसत पुरवते. फक्त मेलेली बॅटरी आणि सकाळचा बॅकअप तसाच ठेवून ती विकत घेऊ नका. आणि कुठलीही डिस्क बदलण्याआधी बॅकअपमधली एखादी फाइल दुसऱ्या मशीनवर परत आणून, उघडून बघा. बॅकअप आहे असं सगळेच सांगतात.