तारण: लाल लोकर

आमच्या पतसंस्थेत लग्न, मुंज, आजारपण, गौरी-गणपती, सगळ्याला रजा मिळते. मी अर्जात 'घरी बाळंतपण' एवढंच लिहिलं होतं. साहेब खूश झाले. "सूनबाई का?" म्हणाले. मला खोटं बोलता येत नाही. अर्ज परत आला.

चिंगी आमची पामेरियन. म्हणजे डोंबिवलीत पांढऱ्या केसाळ कुत्र्याला पामेरियन म्हणतात म्हणून. डॉक्टरांच्या मते ती इंडियन स्पिट्झ. "पिल्लं घ्या, हातोहात जातील," असं सोसायटीतल्या प्रत्येकानं सांगितलं. रात्री दोनला उठायला त्यातलं कोणी आलं नाही.

दिवस साधारण ६३ भरतात. २७ जानेवारीपासून मी बोटांवर मोजले, मग कॅल्क्युलेटरवर. उत्तर दोन्हीकडे ३१ मार्च. हिशेबनीसाच्या घरच्या कुत्रीला हीच तारीख मिळावी! व्यायच्या आदल्या दिवशी तिचं तापमान ९९ फॅरनहाइटच्या खाली उतरतं. थर्मामीटर कुठे लावतात ते इथे लिहीत नाही, पण आता आमच्याकडे दोन थर्मामीटर आहेत आणि दोन्हींवर नावं घातली आहेत.

चिंगीनं तारीख पाळली. पहाटे चार पिल्लं, चारही पांढरी. ओळखायला गळ्यात लोकर बांधली. लाल लोकरवालं सगळ्यांत लहान. त्याला वरचं दूध, दर दोन तासांनी. बरं, दूध पाजून सुटका नाही. एवढ्याशा पिल्लाला आपली आपण शू होत नाही, आईनं चाटावं लागतं. चिंगी त्याला जवळ घेईना, मग ते काम ओल्या कापसानं माझ्याकडे. एम. कॉम.ला हा विषय नव्हता.

बायकोच्या शाळेत परीक्षा. शेवटी लाल लोकर गरम पाण्याच्या बाटलीसह बुटांच्या खोक्यात बसून माझ्याबरोबर सोनेतारणाच्या काउंटरखाली आलं. तिथला काटा ग्रॅमचे तुकडे दाखवतो. पिल्लाचं वजन रोज वाढलंच पाहिजे, तेव्हा इतका चांगला काटा वाया कशाला घालवायचा? तिसऱ्या दिवशी एका काकूंच्या पाटल्या तोलल्या आणि पावतीवर लिहिलं, '४२ ग्रॅम. दूध प्यायलं. शू केली.'

काकूंनी पावती दोनदा वाचली. मग साहेबांनी वाचली. खोका उघडून त्यांनी विचारलं, "हे कोणाचं तारण?"

गंमत म्हणजे मातृत्व रजा २६ आठवड्यांची झाली ती २०१७ साली, आणि कुत्र्यांच्या पैदाशीचे नियम आले तेही २०१७ सालीच. मादी १८ महिन्यांची व्हायला हवी, वर्षात एकच वेत, जन्मात पाचांहून जास्त नाहीत, आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायचं नाही, पैदाशीचा धंदा करायचा तर राज्य पशू कल्याण मंडळाकडे नोंदणी. चिंगीचा एवढा विचार झाला. मालकानं झोपायचं कधी, यावर एक कलम नाही. आणि लोक सोनं गहाण ठेवायला का येतात, ते मला डॉक्टरांचं बिल भरताना कळलं.

पिल्लं आम्ही फुकटच देतोय. तिघांची घरं ठरली. त्यातलं एक साहेबांचं.

लाल लोकरवाला नर अजून आहे. आता चांगला गुबगुबीत झालाय. २६ मेला आठ आठवडे पूर्ण होतात. अट एकच: दुपारी घरात माणूस हवं. नोकरदारांनी कृपया चौकशी करू नये.